टोपीवाली आणि गळपट्टीवाली

संग्रहालयातल्या मेलेल्या पक्ष्यांना रंग देणं हे कारागीरबाईंचं काम. पेंढा भरलेल्या पक्ष्याची पिसं टिकतात, पण डोळ्याजवळची उघडी कातडी वाळून संत्र्याच्या जुन्या सालीसारखी होते. ती अधूनमधून रंगवावी लागते. नियम एकच: पाटी वाचा, रंग द्या. पक्ष्याकडे बघायला वरचे लोक होते.

त्या दिवशी अकराला तज्ज्ञ तपासणीला येणार होते. त्यांच्या शेऱ्यावर बाईंचं नोकरीत कायम होणं लटकलेलं. सव्वादहाला काच पुसताना त्यांचा हात थबकला. आत दोन टिटव्या होत्या. ताम्रमुखीचा गळा न् छाती काळी, ती पाण्याकाठची. पीतमुखीला नुसती काळी टोपी, ती कोरड्या माळावरची. शेजारच्या फलकावर हे सगळं लिहिलेलं होतं. आणि टोपीवालीच्या डोळ्यापुढे पिवळ्याऐवजी लालभडक रंग!

बाईंच्या लगेच लक्षात आलं. दोन वर्षांपूर्वी धुतलेल्या पाट्या परत लावताना अदलाबदल झाली होती, आणि त्यांनी नियमाप्रमाणे पाट्या वाचून रंग दिला होता.

"दादा, घात झाला!"

शिपाईदादांनी वाकून पाहिलं. "दोन वर्षांत कुणाची तक्रार नाही. पक्ष्यांचीसुद्धा."

"थट्टा सुचतेय तुम्हाला! रंग वाळायला अख्खा दिवस लागतो."

"मग तोंडाला कुलूप लावा."

लावलं. तज्ज्ञांनी पाटी वाचली, "उत्तम" म्हणाले. सोबत आलेले संग्रहालयाचे प्रमुखसाहेब फुलले. पुढच्या कपाटापाशी मात्र तज्ज्ञांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. आता हे मागे वळणार, बाईंना वाटलं.

"साहेब, टिटव्या चुकल्यात. माझ्याकडून."

चष्म्यावर नुसती धूळ बसली होती. पण आता तो डोळ्यांवर चढला, आणि तज्ज्ञ खरोखरच मागे वळले. बराच वेळ पाहिलं. मग वहीत काहीतरी लिहिलं, पान झाकून.

"बाई, तुम्ही खाली थांबा," प्रमुखसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

खालच्या खोलीत बाईंनी एकच ब्रश चार वेळा धुतला. जिन्यावर पावलं वाजली की दाराकडे बघायच्या. शेवटी शिपाईदादा दोन्ही टिटव्या काखेत मारून उतरले.

"तीन वाजेपर्यंत दोघींना नीट रंगवा, असा साहेबांचा हुकूम आहे. तेव्हा तज्ज्ञ पुन्हा बघणार. ओल्या राहिल्या तरी चालतील."

"आणि मी? आहे की गेले?"

दादांनी टिटव्या टेबलावर ठेवल्या.

"तीन वाजेपर्यंत तरी आहात."