फुकटची डोली

किगेझीच्या डोंगरांत आजाऱ्याच्या दारापर्यंत रस्ता येत नाही, माणसं येतात. वेताची डोली येते. पुढे दोघे, मागे दोघे, आणि खांदा बदलायला पाठोपाठ चालणारे आणखी काही. आमच्या उतारावरच्या डोलीमंडळाचा प्रमुख होता रुतारो. त्याच्या उजव्या खांद्यावर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा आला होता आणि तो त्याने कधी झाकला नाही.

त्याची बायको केझिया तारण झालेल्यांतली, म्हणजे चारचौघांत पाप कबूल करून येशूला शरण गेलेल्यांतली. दुसरं मूल अंगावर पीत होतं तेव्हा तिने भर चर्चमध्ये उभं राहून शेजारणीच्या कणगीतला घेवडा चोरल्याची कबुली दिली आणि टोपलीभर घेवडा परत नेऊन दिला. त्या दिवसापासून तिचं मन हलकं झालं, पण नवऱ्याची काळजी तिला लागली ती लागलीच. रविवारी एकेकजण साक्ष द्यायला उठे, आणि हा मागच्या बाकावर बसून खिडकीतून डोंगर बघत राही. आपण स्वर्गात आणि हा बाहेर, या विचाराने तिच्या घशाखाली घास उतरत नसे. ती त्याला सांगे, देव खांदा बघत नाही, येशूनं सगळं फुकट देऊन ठेवलंय, तुम्ही नुसता हात पुढे करायचा. तो म्हणे, तुझ्या हातची आंबील सोडली तर मी आजवर फुकटचं काही घेतलेलं नाही.

मंडळाचा नियमही त्यानेच घातला होता. जो खांदा देत नाही, त्याला खांदा मिळत नाही. बितारिहो नावाचा आमचा शेजारी एका पावसाळ्यात खालच्या मुलखात व्यापाराला गेला आणि त्याच्या खांदा द्यायच्या पाळ्या चुकल्या. तो परतला तेव्हा त्याची आई तापाने फणफणलेली होती. रुतारोने आम्हाला अंगणात उभं करून ठेवलं. आत म्हातारी कण्हत होती, बाहेर आम्ही पायाने माती उकरत होतो. बितारिहोने दंडाची बकरी आणून बांधली, तेव्हा कुठे डोली उचलली. म्हातारी वाचली. पण बितारिहोने त्यानंतर रुतारोची कधी वाटेत विचारपूस केली नाही, आणि आमच्याकडे विचारपूस टाळणं म्हणजे थुंकण्यासारखंच.

मग रुतारोचा खांदा बसला. हात छातीच्या वर जाईना. काही दिवस तो डोलीच्या पुढे चालत आम्हाला दगड दाखवी, खेकसत राही. पुढे चढाला त्याला दम लागू लागला आणि आम्ही त्याला मागे टाकून जाऊ लागलो. तेव्हापासून त्याला एका जागी बसवेना. विधवांच्या शेताचे बांध लाव, डाव्या हाताने कुणाचं पाणी आण, चर्चचं अंगण दोनदा झाड. कुणी बस म्हटलं की उठायचाच. केझियाने विचारलं, कुणाचं देणं फेडताय एवढं? तो म्हणाला, "वर विचारतील, या वर्षी काय उचललंस? काय सांगू?"

एका सकाळी त्याचं जुनं अंतर्गळ उतरलं ते आत जाईना. पोट दगडासारखं झालं, हिरवी उलटी झाली. केझियाने टेकाडावर जाऊन हाक दिली. आम्ही डोली घेऊन पोचलो, तर हा दाराची चौकट धरून उभा.

"माझा खांदा बंद आहे," तो म्हणाला. "मला डोली लागू नाही. मी चालत जातो."

निघालाही. ज्वारीच्या वावरात पोचला आणि कोसळला. सरोवराकाठचं इस्पितळ दोन डोंगर पलीकडे. आम्ही एकमेकांची तोंडं बघत होतो, कारण नियम त्याचाच होता आणि तो मोडायची आमची हिंमत नव्हती. तेवढ्यात बांधावरून बितारिहो उतरून आला आणि पुढच्या दांडीपाशी उभा राहिला.

रुतारोने त्याला ओळखलं. दात आवळून केझियाला म्हणाला, "काळी बकरी सोड गं. दंड भरला की मी डोलीत झोपतो."

आणि केझिया धावली. दर रविवारी फुकटच्या कृपेची साक्ष देणारी केझिया धावत गोठ्यात गेली, दावं सोडून बकरी ओढत घेऊन आली. बकरी अडून बसत होती, ही रडत रडत तिला ढकलत होती.

बितारिहो म्हणाला, "वहिनी, देवाकडे फुकट आणि आमच्याकडे बकरी? सोडा तिला." मग तो रुतारोवर वाकला. "तुझी बकरी मला नको, म्हाताऱ्या. तुला फुकटच यावं लागेल."

त्यात सूड होता की माया, मला आजही सांगता येत नाही. दोन्ही असावं. रुतारोच्या तोंडावर अशी कळ उमटली, जी उलट्यांनीही उमटली नव्हती. केझियाच्या हातून दावं सुटलं. ती त्याच्या पायाशी बसली आणि पहिल्यांदाच उपदेश न करता म्हणाली, "मला भीती वाटते हो. झोपा ना."

तो झोपला. पण कसला झोपतो? इकडे दगड आहे, डावीकडून घ्या, आता खांदा बदला. दर वळणावर उठून बसायचा, उतरवा म्हणायचा. तो हलला की डोली एका अंगाला जायची आणि मागच्या दांडीला माझी मान मोडायची. दुसऱ्या डोंगराच्या चढावर बितारिहोचा पाय घसरला, गुडघा फुटला. रुतारो डोलीबाहेर पाय टाकू लागला.

"हलू नकोस," बितारिहो मागे न बघता म्हणाला. "हललास की जड होतोस."

काही पावलं गेली, आणि माझ्या खांद्यावरचं ओझं एकाएकी सैल पडलं. मेला, असं मला वाटलं. मी मान तिरपी करून पाहिलं. तो उताणा पडला होता, दोन्ही हात उघडे, डोळे उघडे, वर ढग धावत होते.

इस्पितळात पोट कापून शिवलं, तो वाचला. केझिया मला अजून विचारते, त्या चढावर त्यांनी देवाचं नाव घेतलं का? नाही घेतलं, मी कसं खोटं सांगू? मी एवढंच सांगतो की तिथून पुढे माणूस तोच होता, वाट तीच होती, आणि डोली हलकी होती. माझ्या खांद्यालाही आताशा कळ येते. मग मीही उठतो, अंगणात फेऱ्या मारतो, आणि ते वजन कुठे गेलं असेल याचा विचार करतो.