पुलाखालचा वळसा

दाजींच्या दहाव्याला घरच्यांच्या वतीने मी बोललो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे दशक्रियेला नदीच्या घाटावर प्रवचन होतं, मग गावातली, विकास सोसायटीतली चार माणसं गेलेल्याबद्दल बोलतात आणि शेवटी घरातलं कुणीतरी. मी हायस्कुलात मराठी शिकवतो, म्हणून मांडवगणच्या घाटावर माईक माझ्याकडे आला. मी म्हणालो, दाजी आयुष्यभर जपून गाडी चालवत आले, पण एका भरधाव टेम्पोने त्यांना आमच्यातून नेलं. समोर बायकांत अक्का, माझी ती बहीण, बसली होती. तिने डोळ्यांना पदर लावला. वाक्य चांगलं उतरलं, असं त्या क्षणी मला वाटलं. ते वाटणं आठवलं की अजून मान खाली जाते.

जपून चालवत होते, एवढं खरं होतं. दाजी हेल्मेट अंगणातच डोक्यावर घालत. आम्ही बाकीचे ते कोपरात अडकवून हायवेपर्यंत नेतो आणि पोलीस दिसले की घालतो. उसाची ट्रॉली पुढे असली, तर दाजी तिच्याच चालीने मागे मागे जात. मी चिडवायचो, या चालीनं तुमच्या आधी ऊस कारखान्यात पोचंल. ते म्हणायचे, "गुरुजी, ऊस पोचून त्याची साखरच व्हनार हाय. आपल्याला माघारी यायचंय."

ठिबकचं सामान ते भांडगावच्या एका दुकानातून आणत. खुटबावला माझ्या घरी चहा घेऊन पुढे जात. आमच्याकडून हायवेला लागलं की ते दुकान उजव्या हाताला, अलीकडच्याच कडेला दिसतं. पण त्या बाजूने गाड्या अंगावर येतात. नियमाने जायचं तर डावीकडे वळायचं, पुलाखालून पलीकडे जायचं आणि पुढच्या पुलाखालून पुन्हा अलीकडे यायचं. दाजी तो सगळा वळसा घेत. मी कधीच घेतला नाही. दिवा लावायचा, कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून उलटं तीनशे पावलं जायचं. तिथली सगळीच जातात.

एकदा ते माझ्या मागे बसले होते आणि मी सवयीने उजवीकडे गाडी घातली. समोरून ट्रक आला तेव्हा खांद्यावरचा त्यांचा हात आवळला. दुकानापाशी आम्ही उतरलो. मी म्हणालो, "बघा दाजी, दोन मिनिटं लागली. तुमचा अर्धा जन्म त्या पुलाखाली जायचा."

दुकानदार हसला, दोन गिऱ्हाइकं हसली. दाजींनी हेल्मेट काढलं, त्याची काच शर्टाने पुसली, बराच वेळ पुसली. मग म्हणाले, "तुम्ही शिकलेली मान्सं. तुम्ही जाताय म्हंजी चालत आसंल."

पुढे महिन्याभराने त्यांचा फोन आला. आज पुलाखाली गेलो नाही, असं त्यांनी जरा लाजत सांगितलं. मी त्यांना शाबासकी दिली.

अपघात झाला त्या सकाळी दुकानाच्या अलीकडे एक ट्रॉली पंक्चर होऊन कडेला उभी होती. तिला टाळायला दाजी पट्टीच्या आत आले. टेम्पो स्वतःच्या बाजूने येत होता. हेल्मेट डोक्यावर होतं, पट्टाही लावलेला होता. मार छातीला बसला.

मी पोचलो तेव्हा लोकांनी ड्रायव्हरला मारून झालं होतं. तो टेम्पोच्या चाकाला टेकून बसला होता, ओठ फुटलेला. प्रत्येकाला एकच सांगत होता, मैं अपनी साइड में था. माझ्याकडे बघूनही त्याने तेच सांगितलं. मी दुसरीकडे बघितलं. पुढे त्याच्यावर केस झाली.

परवा अक्काला ठिबकचे व्हॉल्व्ह हवे होते. आता शेती तीच बघते. माझ्या मागे बसून ती भांडगावला निघाली. हायवेला मी डावीकडे वळलो. वर्षभर मी तसाच वळतो आहे. पुलाखाली शिरताना ती मागून म्हणाली, "ह्यांना तिकडनं उलटं जायची सवय कवा लागली रं? मला तर कायम सांगायचे, दोन मिनिटं उशीर झाला तर काय व्हतंय."

मी गाडी पुलाखालीच थांबवली आणि सांगितलं. दुकानदार हसला होता तेही सांगितलं, फोनवरची शाबासकीही सांगितली. ती खाली उतरून उभी राहिली होती. रडली नाही.

"त्या डायवरला मारलं, तवा तू हुतास?"

"मारून झाल्यावर पोचलो. तो सांगत होता, त्याची बाजू बरोबर होती म्हणून."

"आन् तरी घाटावर तसं बोललास."

वरून गाड्या जात होत्या. ती म्हणाली, "वर्षश्राद्धाला तीच मान्सं येत्याल. तवा सांग. त्याच्या आदी चौकीत सांग."

मग ती गाडीवर बसली. लहानपणी सायकलवर मी तिला डबलसीट नेई तेव्हापासून ती माझ्या खांद्यावर हात ठेवते. या वेळी तिने मागची कडी धरली. दुकान येईपर्यंत खांद्याला तो हात लागला नाही.

आज चौकीत जाऊन आलो. साहेब नव्हते, उद्या या म्हणाले. उद्या जाईन. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं आहे. बोलायचं ते लिहून काढायला बसलो आहे. एरवी मला पहिलं वाक्य लवकर सुचतं. या वेळी संध्याकाळपर्यंत एवढंच झालं आहे: टेम्पो त्याच्या बाजूने येत होता आणि दाजींना त्या बाजूने जायला मी शिकवलं होतं.