मिस पंडर यांचा कोंडवाडा

मिस पंडर गेल्याला पाच आठवडे झाले. हाउसमाइस्टरने, म्हणजे आमच्या इमारतीची देखभाल करणाऱ्या गृहस्थाने, त्या सकाळी जिन्यात थांबवून मला सांगितलं, तेव्हा माझंच एक पार्सल मिस पंडरच्या बंद दाराला टेकवलेलं होतं...

इरा, नचिकेत, तुमच्या या आजीच्या हॅम्बर्गच्या घराखाली राहणाऱ्या त्या इंग्रज शिक्षिका तिकडे पुण्यात तुम्हाला आठवत असतील. इथे कोणी घरी नसलं की पार्सल शेजारी ठेवतात, आणि आमच्याकडे शेजारी म्हणजे मिस पंडरच. पहिल्यांदा आणायला गेले तर दार उघडून म्हणाल्या, "मिसेस लेले, तुमची गाय सुटली होती!" मी बघतच राहिले. मग चहा देऊन त्यांनी आडनावाचा अर्थ सांगितला. जुन्या इंग्लंडमध्ये गावातली भटकी गुरं कोंडून, मालक येईपर्यंत सांभाळणारा तो पंडर. "आमच्यात त्या जागेला कोंडवाडा म्हणतात," मी म्हटलं. त्यांनी तो शब्द माझ्याकडून नागरीत लिहून घेतला. "आता हे नाव फारसं कुणाचं नाही, आमच्या घरात मी शेवटची. माझ्यामागे ही गुरं कोण बघणार?"

युरोच्या नोटा नव्या होत्या, त्या हिवाळ्यात तुम्ही आलात आणि इराचा लाल हातमोजा बर्फात हरवला. तुम्ही परतल्यावर बर्फ वितळलं, तेव्हा तो मिस पंडरना सापडला. इथल्या रीतीप्रमाणे त्यांनी तो आठवडाभर कुंपणावर अडकवला, मग घरात नेला. "द्या, पोस्टाने पाठवते," मी म्हटलं. "छे! मालकाने स्वतः यायचं. दंड एक कप चहा." मला रागच आला.

पुढच्या वर्षी तुमचे आजोबा गेले. बेल वाजली तरी मी दार उघडेना, पार्सलं खाली जाऊ लागली. मिस पंडरनी एकही वर आणून दिलं नाही. मलाच खाली जावं लागे, चहा घ्यावा लागे, बोलावं लागे... तो नियम कशासाठी होता, ते मला फार उशिरा कळलं. आभार मानायचे राहिले.

परवा हाउसमाइस्टरने एक खोका आणून दिला. वर मी लिहून दिलेला शब्द त्यांनी गिरवलेला. आत दोन किल्ल्या, कुणाची टोपी, आणि अंगठ्याशी रफू केलेला लाल हातमोजा. चिठ्ठी होती : इरा, पुणे.

इमारतीतली पार्सलं आता माझ्याकडे ठेवायला मी पोस्टमनला सांगितलंय. इरा, हातमोजा तुला आता बसणार नाही. तरी पोस्टाने पाठवणार नाही. ये, चहा ठेवते.