सत्यमच्या कार्डावरच्या खुणा

दिंद्रुडच्या पलीकडं एका छोट्या गावात उज्ज्वला सतरा वर्षांपासून अंगणवाडी चालवते. तिचा हात आणि नजर इतकी बसलेली, की वजनकाट्याच्या झोळीत लेकरू घालतानाच ती वजन सांगायची आणि काटा बहुतेक तेच दाखवायचा.

अंगणवाडीला स्वतःची इमारत नव्हती. राधाकिशनअण्णांनी गोठ्यामागची पत्र्याची खोली दिली होती. अण्णा मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. गावात त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नसे. त्यांना नातू झाला, सत्यम, तेव्हा घरोघरी पेढे गेले.

उज्ज्वला बाळ बघायला गेली तेव्हा ते महिन्याचं होतं आणि डोळ्यांतला पिवळेपणा अजून गेला नव्हता. आजी विमलबाई कौतुकानं म्हणाल्या, "लई गरीब लेकरू हाय बघ. रडत न्हाई, काही न्हाई. दूध पाजायलाबी उठवावं लागतंय."

उज्ज्वलाला ते खटकलं. जीभ सारखी ओठांबाहेर येत होती, चेहरा सुजल्यासारखा, पोट फुगलेलं, आवाज घोगरा. "काकू, एकदा दवाखान्यात दाखवा," ती म्हणाली. "बघू," म्हणत विमलबाईंनी बाळ आत नेलं.

तीन महिन्यांनंतर ती पुन्हा गेली. दोन्ही हात धरून बाळाला उचलून बसवायला गेली तर मान मागं लोंबली. तिनं बोलून, टाळ्या वाजवून बघितलं. बाळ हसलं नाही. आरोग्य कार्डावर या वयाची चित्रं असतात, मान सावरणारं बाळ, आईकडं बघून हसणारं बाळ, आणि पुढं खूण करायला चौकोन. तिनं पेन काढलं तोच अण्णा ओसरीवर आले.

"काय लिव्हायलीस?"

"अण्णा, मान धरत न्हाई अजून. माजलगावला मोठ्या डॉक्टरला दाखवायला पायजे."

"आमच्या घरात येडं लेकरू जल्मत न्हाई. ह्याचा बाप दीड वर्षाचा झाल्यावर चालला, आज ट्रॅक्टर हाकतोय. कार्डावर तसलं काही लिव्हलंस तर गावभर बोभाटा हुईल. मग तुझी पोरं कुठं बसवायची ते तूच बघ."

उज्ज्वलानं बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. पुढच्या महिन्यात धरेलच की मान, असं तिनं स्वतःला समजावलं. सहाव्या महिन्याची खूण तिनं ओसरीवरूनच केली, बाळ न बघता. नवव्या महिन्यालाही तेच. तालुक्याहून तपासणीचं पथक आलं त्या दिवशी सत्यमला कुणी आणलंच नाही. डॉक्टरांनी नोंदी चाळल्या. सगळं ठीक दिसलं, पान उलटलं.

सत्यमची आई प्रियदर्शनी केजची, बारावी शिकलेली. राखीला माहेरी गेली तेव्हा पोरगं वीस महिन्यांचं होतं आणि आधाराशिवाय बसत नव्हतं. तिच्या भावानं, प्रवीणनं, कुणाला न विचारता दोघांना गाडीत घालून अंबाजोगाई गाठलं. तिथं रक्त तपासलं. गळ्यातली ग्रंथी जन्मापासूनच काम करत नव्हती. औषध होतं, रोजची एक गोळी.

"जन्मल्या जन्मल्या सुरू झाली असती तर हा आज पळत असता," डॉक्टर म्हणाले. "आता शरीर वाढेल. मेंदूचं जे राहून गेलं ते किती भरून येईल, सांगता येत नाही." मग त्यांनी कार्ड बघितलं. "मान धरतो, बसतो, रांगतो. हे कुणी भरलंय?"

चार दिवसांनी प्रियदर्शनी अंगणवाडीच्या दारात उभी राहिली. उज्ज्वला खिचडी वाढत होती.

"ताई, ही सही तुमचीच ना?"

"माझीच हाय."

"तवा तुमाला दिसलं न्हवतं का?"

"दिसलं होतं."

हे उत्तर प्रियदर्शनीला अपेक्षित नव्हतं. "मग कावून?"

उज्ज्वला "अण्णा" एवढंच म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "भ्याले मी."

"मला तरी कानात सांगायचं. मी रोज त्याच्याकडं बघायचे. मनात पाल चुकचुकायची. मग कार्ड काढायचे, तुमची खूण बघायचे आणि गप बसायचे. वाटायचं, माझीच नजर खराब हाय." ती रडली नाही. कार्ड पिशवीत घालून निघून गेली. ताटातली खिचडी निवून गेली तरी उज्ज्वला पळी धरून उभीच होती.

गावात अण्णांनी सांगितलं, बाईनं खोटं लिहून फसवलं, आमाला काय कळतंय त्यातलं. दुसऱ्याच आठवड्यात खोलीला कुलूप लागलं. उज्ज्वलानं मुलांना देवळाच्या सभामंडपात बसवलं आणि झालं ते सगळं लिहून पर्यवेक्षिकेकडं दिलं. अण्णांचं नावही लिहिलं. नोटीस मात्र एकटीलाच आली.

त्यानंतर ती प्रत्येक घरी कार्ड घेऊन नव्यानं फिरली. एका घरातली झोपाळू वाटणारी तान्ही मुलगी तिनं हट्टानं तपासायला पाठवली. रिपोर्ट चांगला आला. त्या घरच्यांनी तिला दारातच सुनावलं. ती ऐकून घेते आणि पुढच्या घरी जाते.

सत्यम तीन वर्षांचा होऊन गेल्यावर चालायला लागला. उंची वाढली, चेहऱ्यावरची सूज उतरली. बोलणं चार-पाच शब्दांपुढं गेलं नाही. बीडला अशा मुलांचं केंद्र आहे, पण रोज एवढ्या लांब कोण नेणार? म्हणून प्रियदर्शनी त्याला सकाळी उज्ज्वलाकडंच आणून सोडते. दुसरी जागा नाही.

या जूनमध्ये त्याच्या बरोबरीची पोरं पहिलीत गेली. तो लहानग्यांत बसतो, सगळ्यांत उंच. दुपारी प्रियदर्शनी येते, त्याचं तोंड पुसते, हात धरून घेऊन जाते. चार वर्षं झाली, ती उज्ज्वलाशी एक शब्द बोललेली नाही.