सुतकातली फ्लॉपी

दुपारी आम्ही दोघं नवराबायको सोप्यात बसून शेंगा फोडत होतो. ती दाणे सुपात टाकायची आणि मी टरफलांबरोबर दाणेही पाटीत घालवायचो.

"आवं, डोळं हायती का बटनं?" ती म्हणाली.

तेवढ्यात आत पोराच्या कॉम्प्युटरनं लांब पिपाणी वाजवली.

हे यंत्र म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात शहाणं जनावर. पोरगा सांगलीच्या एका दूधसंघासाठी प्रोग्राम लिहीत होता. त्यात एक अक्षर जरी बदललं, तरी यंत्र आपोआप सगळ्या टेस्टा पहिल्यापासून घ्यायचं. सगळं बरोबर आलं तर बारीक टिंग, एक चुकलं तरी पिपाणी. मी चौथी शिकलेला, पण लबाडी मला दिसत होती. प्रोग्राम पोराचा, टेस्टाही पोरानंच लिहिलेल्या. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा आणि पास झालो म्हणून पेढे वाटायचे!

"आबा, एकीकडं दुरुस्त केलं की दुसरीकडं मोडतंय," पोरगा आतनं म्हणाला. "माणसाच्या ते ध्यानात येत न्हाई."

"कळलं मला," ही म्हणाली. "नवी सून आली की सासू रोज सगळी भांडी मोजती, तसं."

"व्हय आई, अगदी तसंच."

"मग सून टिकायची न्हाई रं तुझी."

हसली. पण यंत्राला नावं ठेवलेली तिला खपत नसत. दूधसंघानं प्रोग्राम घेतला तर पोरगा इथंच साताऱ्यात घरी राहणार होता, नाहीतर पुण्याला नोकरीला जाणार. उद्या प्रोग्राम सांगलीत पोचवायचा होता. "वाजंना का," ती म्हणायची, "पोरगं घरात हाय न्हवं?"

शेंगा संपल्या. ही हात धुवायला न्हाणीत गेली, बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर आला. नाडी धरून घड्याळाकडं बघत राहिला, जशी काय हिला एसटी पकडायची होती. सांजच्याला पोरानं अग्नी दिला.

सकाळी माझा मेव्हणा सोप्यात हुकूम सोडत बसला होता. फौजेतनं रिटायर झाला, पण हुकूम सोडायचं काही रिटायर झालं नाही. बहीण जिती असताना भाऊबीजेला कधी फिरकला नाही, आणि आता सगळे रीतिरिवाज ह्यालाच पाठ.

"दाजी, सुतकात यंत्राला हात लावायचा न्हाई. तेरावं झाल्यावर बघू."

"तवर म्हशी दूध द्यायच्या थांबत्यात व्हय रं?" मी म्हणालो, आणि पोराला यंत्रापुढं बसवलं.

"आबा, कालची चूक तशीच हाय."

"तर तशीच दे! कोण बघतंय?"

"सगळ्या टेस्टा पास झाल्याबिगर देणार न्हाई."

आईचाच हट्ट. मुंडण केलेलं डोकं खाली घालून बसला. एक दुरुस्ती केली, पिपाणी. दुसरी केली, पुन्हा पिपाणी. बाहेर मेव्हणा प्रत्येक पिपाणीला खाकरत होता, जसं काय ती त्यालाच विचारून वाजत होती. शेवटी एकदाचं टिंग झालं. पोरानं प्रोग्राम फ्लॉपीत उतरवला, ती बाहेर काढली आणि हातात धरून रडायला लागला. अग्नी दिलेल्यानं गाव सोडायचा नसतो. मी फ्लॉपी पिशवीत टाकली, टोपी घातली आणि सांगलीची गाडी धरली.

दूधसंघाच्या फाटकाबाहेरच थांबलो. साहेब बाहेर आला.

"आत या की काका."

"सुतक हाय. काल मंडळी गेली माझी."

त्यानं हात पुढं केला. सुतकात हातोहात देऊ नये, म्हणून मी फ्लॉपी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली. तो फ्लॉपीकडं बघत राहिला.

"अशा गडबडीत केलंय, म्हणजे... नीट तपासलंय ना?"

"बदल केला तेवढ्या वेळा तपासलंय," मी म्हणालो. "सगळं. पहिल्यापासनं."

त्यानं ती भिंतीवरनं उचलून खिशात घातली, तवा मी तिथनं हललो.