बेचाळीस किलो

भूतबित मी मानत नाही, आधीच सांगतो. मणिकर्णिका आमच्या घरापासून पायी पंधरा-वीस मिनिटं. अठ्ठ्याहत्तर वर्षं काशीत गेली, रोज तिरड्या जाताना बघतो, परत आलेलं एकही माणूस भेटलं नाही. तरी हे लिहितोय. चौथी शिकलोय, चुका होतील... त्या तशाच छापा.

ब्रह्माघाटावरून वर येणाऱ्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर मी राहतो. जन्मभर मराठी यात्रेकरूंना जेवू घातलं. काटा कधी वापरला नाही. कणकेचा गोळा हातात घेतला की किती भरेल ते सांगायचो, आणि तेवढाच भरायचा.

माझी मुलगी सुमन. नवी औषधं माणसांवर तपासून बघतात, त्या क्लिनिकल ट्रायलच्या कॉप्या ती तपासायची. आमच्या इकडे वहीला कॉपीच म्हणतात. नोकरी कुणाची नाही, स्वतंत्र सल्लागार. म्हणायची, "बाबा, चूक होणं गुन्हा नाही. खोडून टाकणं गुन्हा आहे." चुकीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं, सही, आणि तारीख दुरुस्ती केली त्याच दिवसाची, मागची नाही. कारण मात्र ज्यानं चुकीचं लिहिलं त्यानंच लिहायचं.

घरातही तेच. तिचं लग्न मोडलं तेव्हा मी म्हटलं, फोटो फाडून टाक. तर म्हणे, "रेघ मारलीय ना बाबा. खालचं राहू दे."

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हात टेकले आणि ती घरी आली. येताना वजनकाटा आणि कोरी कॉपी घेऊन. "शेवटची ट्रायल माझीच. रोज सकाळी वजन घ्यायचं, खरं लिहायचं. एवढं एक काम माझं नीट करा."

खिडकीचे गज धरून ती काट्यावर उभी राहायची, डोळे मिटून. खाली बघितलं की चक्कर यायची. मी वाचायचो, मीच लिहायचो. पहिल्या दिवशी बेचाळीस भरलं. ते खरं होतं, पुढच्या दोन दिवसांचंही. चौथ्या दिवशी काट्यावर चाळीस पूर्णांक सहा आलं... आणि मी म्हटलं, "बेचाळीस."

मग रोज बेचाळीस.

आठवड्यानं ती हसली. "बाबा, माणसाचं वजन रोज एवढं साफ येत नाही. असं येतं तेव्हा कुणीतरी बसल्या जागी लिहिलेलं असतं."

"म्हणजे मी झूठा?" मी भडकलो. "गंगामाईची शपथ, बेचाळीस!"

"बरं. काटा झूठा असेल," म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

शेवटचे तीन दिवस ती उभीच राहू शकली नाही. मी दोन्ही हातांवर उचलून तिची कूस बदलायचो. हातांना कळत होतं. छत्तीस. मग पस्तीस. मग पस्तीसहूनही कमी. कुणाला बोललो नाही. कॉपीत लिहिलं बेचाळीस. तिच्या बोटांना तेव्हा चमचाही धरवत नव्हता.

ती गेली. कॉपी माझ्या पेटीत, किल्ली माझ्या जानव्याला. घरात मी एकटा.

तेराव्याला सकाळी कॉपी गंगेत सोडायला निघालो. घाटाच्या पायरीवर बसलो, एकदा उघडली.

पहिले तीन दिवस तसेच होते. खोट्या प्रत्येक बेचाळीसवर एक आडवी रेघ. शेजारी चाळीस पूर्णांक सहा. चाळीस पूर्णांक एक... खाली उतरत गेलेले आकडे, जे काट्यानं फक्त मला दाखवले होते. आणि शेवटच्या तीन ओळींत छत्तीस, पस्तीस, साडेचौतीस — जे कुठल्या काट्यावर आलेच नव्हते, फक्त माझ्या हातांत होते.

अक्षर सुमनचं. सही सुमनची. तारीख त्याच दिवसाची. तेराव्याची.

कारणाची जागा प्रत्येक ओळीत कोरी.

मी शुद्धीत होतो. चष्मा डोळ्यावर होता. हे सुमनला सांगितलं असतं तर म्हणाली असती, एका म्हाताऱ्याला एकदा दिसलं, त्याला पुरावा म्हणत नाहीत. बरोबरच आहे. कसं झालं, मला अजून उलगडलेलं नाही, आणि कुणी उलगडून सांगायलाही येऊ नये.

कॉपी मी सोडली नाही. दोन वर्षं पेटीत होती. आज सकाळी काढली आणि एकेका ओळीपुढे लिहीत गेलो — बघवत नव्हतं. बघवत नव्हतं. बघवत नव्हतं.

खाली सही केली. तारीख आजची घातली.