श्वापद आणि आक्काचा अंगठा

निवृत्त झालेल्या भूगोलाच्या मास्तरानं पुढं काय करायचं, याची सोय अजून कुठल्या सरकारनं केलेली नाही. चाळीस वर्षं पोरांना दटावून ऐकायला लावलेलं असतं आणि एका सकाळी घरातलं मांजरसुद्धा ऐकेनासं होतं. मी त्यावर माझा उपाय शोधला. निपाणीतल्या आमच्या लहानशा मराठी चर्चमध्ये दर शुक्रवारी दुपारी चार वाजता प्रकटीकरणाचा वर्ग सुरू केला.

प्रकटीकरण म्हणजे बायबलातलं शेवटचं पुस्तक. जगाचा शेवट, सात शिक्के, सात कर्णे, अजगर, श्वापदं, आकाशातून उतरणारं नवं शहर, सगळं त्यात आहे. आमचे पाळकसाहेब तरुण होते आणि त्या पुस्तकाला बिचकून असत. ते आपले स्तोत्रांवर बोलायचे, मेंढपाळ आणि हिरवी कुरणं. मला मात्र कशाची भीती? मला नकाशा वाचता येत होता.

शाळेच्या रद्दीत निघालेला दक्षिण अमेरिकेचा नकाशा मी घरी आणून ठेवला होता. त्याच्या पाठीवर मी जगाच्या शेवटाचा तक्ता काढला. एक इंच म्हणजे शंभर वर्षं, असं प्रमाण वर लिहिलं. शिक्के लाल शाईत, कर्णे निळ्या, क्रोधाच्या वाट्या हिरव्या. सगळं चौकटीत, सगळ्याला बाण. दुपारचं ऊन खिडकीतून मागं पडलं की कागदातून ॲमेझॉन नदी दिसायची, ती बरोबर सातव्या कर्ण्यातून वाहायची. त्याचाही काही अर्थ आहे का, असं एकानं विचारलं होतं. मी विचार करून सांगतो म्हणालो.

वर्गात बारा-पंधरा माणसं असत. त्यात दोघं ठळक. एक कंडक्टरकी करून निवृत्त झालेले अण्णा, घरी कन्नड, हातात कन्नड बायबल. दुसरे तंबाखूच्या वखारीत मुकादम असलेले आप्पा, कट्टर मराठी. आता त्या पुस्तकात श्वापदं दोन आहेत. एक समुद्रातून वर येतं, दुसरं जमिनीतून. हे मी वाचून दाखवताच अण्णांनी हात वर केला.

"समुद्र कुठं हाय मास्तर? मुंबईला. म्हंजे पयलं श्वापद तितलंच."

"आनि दुसरं?" आप्पा उसळले. "जमिनीतनं येतंय म्हंत्यात. बेंगळूरला समुद्र हाय का? न्हाय. मग इचार करा की."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी दोघांनाही बरोबर ठरवलं. सीमाभागात चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला एवढं यावंच लागतं. त्या शुक्रवारी दोघंही खूश होऊन घरी गेले.

तसं पाहिलं तर हे पुस्तक आमच्या मुलखाला मानवणारंच आहे. वाट बघायची आम्हाला जन्माची सवय. सीमेच्या निकालाची वाट बघत आमच्या आधीची पिढी मातीआड झाली, आता आम्ही बघतो आहोत. प्रभूच्या पुन्हा येण्याला उशीर का होतोय, हा प्रश्न दुसरीकडच्या मंडळींना छळत असेल. आम्हाला कधी छळला नाही. पुढची तारीख पडली असेल, म्हणायचं. नव्या यरुशलेमची, म्हणजे आकाशातून उतरणाऱ्या त्या शहराची, लांबीरुंदी मी तक्त्यावर मोजून दाखवली, एक कोपरा निपाणीत धरला तर दुसरा हिमालय ओलांडून जातो असं सांगितलं, तेव्हाही मागून पहिला प्रश्न आला तो असा, की मग निपाणी नेमकी कुठल्या राज्यात धरायची.

या वर्गात पुढच्या बाकावर माझी थोरली बहीण बसायची. आक्का. आई लवकर गेली, मला आक्कानंच वाढवलं. विड्या वळून वाढवलं. निपाणीत ज्या बायकांनी घरं उभी केली, ती अशीच उभी केली, सुपात पाला आणि तंबाखू घेऊन दिवसभर मांडी घालून. ती शाळेत गेली नाही. अक्षरं शिकली ती बायबलावर बोट ठेवून. तिला प्रकटीकरणातली शेवटची दोन पानं तेवढी आवडायची, आणि त्यातही एकच ओळ. देव त्यांच्या डोळ्यांचं सगळं पाणी पुसून टाकील, अशा अर्थाची. एकदा तिनं तक्ता वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"सगळं बसीवलंस. ते डोळं पुसायचं कुठं बसीवलंस रं?"

"आक्का, त्याला तारीख नाही," मी म्हणालो. "तक्त्यात घटना घ्यायच्या असतात."

"बरं," ती म्हणाली.

मग रेशनच्या दुकानात अंगठ्याचं यंत्र आलं. माझ्या मास्तरकीतला तो सर्वांत मोठा शुक्रवार. श्वापदाची खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर असल्याशिवाय कुणाला काही विकत घेता येणार नाही, आणि त्या श्वापदाचा आकडा सहाशे सहासष्ट, असं पुस्तकात आहेच. मी छडी तक्त्यावर आपटली. "उजवा हात! खरेदी! यंत्र! आणखी काय पाहिजे तुम्हाला?" अण्णांनी उजवा हात नकळत खिशात घातला. मला इतका आनंद वर्षानुवर्षांत झाला नव्हता.

त्याच संध्याकाळी रेशनच्या रांगेत माझा निम्मा वर्ग उभा होता. मीही होतो. फक्त मी डावा अंगठा पुढं केला. शास्त्र पाळलं आणि तांदूळही आणले.

माझ्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस त्या वर्गात होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. आक्कानं त्या दिवसापासून कुठल्याच यंत्राला बोट लावलं नाही. तिच्या घरचं रेशन तिच्या सुनेच्या अंगठ्यावर यायचं, त्यामुळं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. सुनेच्या आत्म्याचं काय, हा प्रश्न घरात कुणी काढला नाही. भात सगळ्यांनी खाल्ला.

ध्यानात आलं ते तिच्या डोळ्यांमुळं. डावा डोळा आधीच कामातून गेलेला. उजव्यात मोतीबिंदू. गावात तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "पिकलाय. महिनाभराच्या आत काढा. आत फुटला तर हाही डोळा जाईल." बेळगावच्या दवाखान्यात सरकारी कार्डावर शस्त्रक्रिया होणार होती. नोंदणीला अंगठा लागणार होता.

"मी न्हाय लावनार," आक्का म्हणाली.

मी हसलो. मग तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसू थांबलं. मी समजावलं. भाच्यानं, तिच्या मुलानं, समजावलं. सून रडली. पैसे भरून दुसरीकडं करू, असंही मी म्हणालो.

"म्हंजे पैशावाल्याला शिक्का न्हाय, गरिबाला तेवढा हाय? असं कुठं लिवलंय दाव."

असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी पाळकसाहेबांकडं गेलो. तुम्ही आक्काला सांगा म्हणालो. त्यांनी चहा पुढं केला आणि नम्रपणे म्हणाले, "मास्तर, गाठ तुम्ही मारलीय." माणूस तरुण होता, पण खोटं बोलत नव्हता.

पंधरा दिवस असेच गेले. आक्का बायबल डोळ्यापाशी आणून, मग लांब धरून, मग खिडकीपाशी नेऊन बघायची आणि मिटून ठेवायची. शेवटी मी तिच्यासमोर बसलो. "आक्का, मी ते उगाच बोललो गं. तसं काही नाही."

"मला चोरून सांगू नगंस," ती म्हणाली. "वर्गात सांगितलंस, वर्गातच परत घे. त्या लोकांनी काय करायचं?"

त्या रात्री काय किंवा पुढच्या चार दिवसांत काय, मी देवाशी फारसं बोललो नाही. स्वतःशीच भांडत होतो. एका डोळ्यासाठी वर्गातला तीन वर्षांचा तक्ता मोडायचा? हा प्रश्न माझ्या मनात खरोखर आला, आणि तो आला याची मला आजही लाज वाटते.

शुक्रवारी मी तक्ता टांगला नाही. छडी घरी ठेवली. उभा राहिलो आणि म्हणालो, की रेशनचं यंत्र म्हणजे श्वापदाची खूण असं मी तुम्हाला सांगितलं, ते मी माझ्या मनचं सांगितलं. हे पुस्तक एका माणसानं बेटावर अडकून पडलेला असताना लिहिलं. सात गावांतल्या चर्चमंडळ्यांना धाडलं. आपल्याचसारखी माणसं असतील, भ्यालेली. त्यांना धीर यावा म्हणून लिहिलं. त्या वेळच्या बादशहाबद्दल ते बोलतं असं जाणती माणसं म्हणतात. पुढच्या कुणाबद्दल बोलतं का, कसं बोलतं, ते मला माहीत नाही.

"मग श्वापद मुंबईत न्हाय?" अण्णांनी विचारलं.

"माहीत नाही."

"बेंगळुरात?" आप्पांनी विचारलं.

"तेही माहीत नाही."

दोघांची तोंडं एकदम उतरली. आपल्या राजधानीवरचा आळ गेला, पण समोरच्याच्या राजधानीवरचाही गेला, हेच जास्त लागलं असावं. तीन वर्षांत पहिल्यांदाच दोघं एका बाजूला झाले.

पुढं काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं, म्हणून पुस्तक उघडून नुसतं वाचत गेलो. सिंहासनाभोवतीचं पाचूसारखं इंद्रधनुष्य. स्फटिकासारखा काचेचा समुद्र. शहराच्या मधोमध नदी, आणि काठावर दर महिन्याला फळणारं झाड, ज्याच्या पानांनी सगळी राष्ट्रं बरी होतात. कुठंही बाण काढला नाही. इतकं देखणं पुस्तक मी तीन वर्षं पोस्टमार्टेमला घेतल्यासारखं चिरत बसलो होतो. पुढच्या शुक्रवारी वर्गाला निम्मीच माणसं आली, हेही सांगून टाकतो. माहीत नाही म्हणणारा मास्तर कुणाला हवा असतो?

सोमवारी आक्काला घेऊन बेळगावला गेलो. दवाखान्याच्या खिडकीशी एक मुलगी बसली होती, एका वाक्यात कन्नड, दुसऱ्यात मराठी बोलणारी. आक्कानं पदर सावरला, डोळे मिटले, ओठातल्या ओठात प्रार्थना केली आणि उजवा अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्रानं टूं केलं. लाल दिवा.

"परत ठेवा आज्जी."

परत लाल. पुसून ठेवला, लाल. डावा ठेवला, लाल. तर्जनी, मधलं बोट, दहाच्या दहा बोटं झाली. मागची रांग कुरकुरायला लागली.

"ह्यांच्या बोटावर रेघाच राहिल्या न्हाईत," मुलगी म्हणाली. "विड्या वळत होत्या काय?"

"व्हय," आक्का म्हणाली. मग माझ्याकडं वळून खुदकन हसली. "बघ रं. मी तयार झाले तर त्योच मला घेईना."

रांगेतल्या दोघाचौघांनाही हसू आलं. मला आलं नाही. मी तिचा हात हातात घेऊन बघितला. अंगठ्याचं टोक गुळगुळीत होतं, काचेसारखं. माझी फी, माझी पुस्तकं, माझा पहिला नकाशासंग्रह, सगळं त्या अंगठ्यावरून सरकत गेलं होतं. तीन वर्षं मी वर्गात उजव्या हातावरची खूण शोधत होतो. तिचा उजवा हात पुढच्या बाकावर, माझ्यापासून दोन हातांवर असायचा. मी तो कधी बघितलाच नव्हता.

मुलीनं दुसरी वाट काढली. भाच्याच्या मोबाइलवर ओटीपी मागवला. त्यानं फोनवर सहा आकडे सांगितले.

"थांब," आक्का म्हणाली. "त्यात सहा किती हाईत?"

"एकच गं."

"मग चालतंय. हातावर न्हाय, कपाळावर न्हाय. फोनबद्दल कायबी लिवलेलं न्हाय."

शास्त्रार्थ असा खिडकीवर उभ्या उभ्या, अर्ध्या मिनिटात आटोपला.

शस्त्रक्रिया चांगली झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा तिनं आधी खिडकी बघितली, मग भिंत, मग मला. "लई म्हातारा झालास रं," एवढं बोलली.

घरी सोडताना नर्सनं बजावलं होतं, की दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, आज्जींनी डोळ्याला हात लावायचा नाही, आणि पाणी आलं तर उकळलेल्या कापसानं दुसऱ्या कुणीतरी हलक्या हातानं पुसायचं. सुनेला कामाला जायचं असे, म्हणून ते माझ्याकडं आलं. मी कापूस उकळायचा, पिळायचा, गार करायचा. आक्का खाटेवर मान मागं टाकून बसायची. थेंब पडला की डोळा भरून यायचा आणि मी पुसायचो. नाकाकडून कानाकडं, नर्सनं दाखवलं होतं तसं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी असाच पुसत होतो. तिनं तो डोळा उघडून माझ्याकडं बघितलं.

"ही ओळ तुझ्या तक्त्यात बसत नव्हती न्हवं?"

मी दुसरा बोळा घेतला, कारण पहिला भिजला होता, आणि आता माझेही डोळे वाहायला लागले होते. तिनं उशीखालचा आपला रुमाल काढला आणि माझ्यापुढं धरला.